पहिल्या रात्रीचा निवारा

(संस्थेच्या अंबड, नाशिक येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



बेघर मुलामुलींच्या निवाऱ्याविषयी चार शब्द बोलावेत, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. हा विषय आपल्याला परका नाही. १९१७ साली परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेला एक २६ वर्षांचा तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. नोकरी होती, पण शहरात राहायला जागा मिळेना. खरी ओळख लपवून तो एका पारशी वसतिगृहात राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्याला तेथून घालवले. त्याने दोन मित्रांना विचारून पाहिले. एक म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, पत्नीला विचारून सांगतो. शेवटी तो तरुण कामाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला. ते आपले बाबासाहेब होते.

त्या नकारामागे अस्पृश्यता होती. आज आपल्या दारात येणाऱ्या मुलाची कारणे निराळी असतील. कोणी सावत्रपणाला कंटाळून, कोणी बापाच्या दारूला कंटाळून, तर कोणी कामाच्या शोधात आलेला असेल. परंतु संध्याकाळी जायचे कोठे, हा प्रश्न तोच असतो. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. शिक्षणाआधी डोक्यावर छप्पर लागते, ही जाणीव आपल्या चळवळीत पहिल्यापासून आहे.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात सोळा वर्षांचा एक मुलगा आपल्या सभागृहाच्या पायरीवर भिजत बसलेला दिसला. आम्ही त्याला आत घेतले, जेवू घातले, सतरंजी दिली. असे चार दिवस गेले. आपण पुण्याचे काम करीत आहोत, या समाधानात आम्ही कोणालाच काही कळवले नाही. पाचव्या दिवशी सकाळी मुलगा निघून गेला होता. नंतर समजले की, त्याची आई आठ दिवस पोलीस ठाण्याच्या चकरा मारीत होती. तो पुढे कोठे गेला, हे आम्हाला आजतागायत ठाऊक नाही. आमच्यात दया होती, पण माहिती नव्हती. म्हणून आज माहितीच सांगणार आहोत.

मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांखालील असेल, तर कायद्याने दार उघडे ठेवलेले आहे. १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालतो. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही चाइल्डलाइन सेवा २०२३ पासून सरकारी यंत्रणेमार्फत चालवली जाते. बालन्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे निराधार सापडलेल्या बालकाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. असे मूल सापडल्याचे कळवले नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तेव्हा मुलाला गरम जेवण जरूर द्यावे, पण फोन त्याच रात्री करावा. त्याला घरी परत पाठवायचे, नातेवाइकांकडे ठेवायचे की बालगृहात, हे समिती चौकशी करून ठरवते. घरीच मारहाण होत असेल, तर तेही समितीला सांगता येते. आपण परस्पर मुलाला एस.टी.त बसवून देऊ नये.

खरी अडचण १८ वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होते. बालगृहात वाढलेल्या मुलाला ते घर सोडावे लागते. त्याच्यासाठी कायद्यात अनुरक्षणाची तरतूद आहे. साधारणपणे २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत त्याला साहाय्य मिळू शकते. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. अनाथांना राज्य शासनाने २०१८ साली शिक्षण व नोकरीत एक टक्का आरक्षण दिले, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. ते महिला व बालविकास विभागाकडून मिळते. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वर्गात असा कोणी असेल, तर त्याच्याबरोबर कार्यालयात जा. एकट्याने खेटे घालताना माणूस खचतो.

जो कधी बालगृहात नव्हता, त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचे काय? त्याच्यासाठी शहरातील बेघर निवारा केंद्र आहे. पाच लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा आणि तो बारा महिने, चोवीस तास चालावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती. त्या हिशेबाने किमान चौदा निवारे हवेत. आपल्या शहरात ते किती आहेत, कोठे आहेत आणि तरुण मुलांची झोपण्याची वेगळी सोय आहे का, हे महानगरपालिकेला लेखी विचारणे आपले काम आहे. संकटातील मुलीसाठी आणि स्त्रीसाठी १८१ हा क्रमांक आहे. सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळू शकतो.

आपल्या अंबडची गोष्ट थोडी वेगळी आहे. येथे औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळे अंगमेहनतीचे काम मिळते. राहायला मात्र मिळत नाही. बालगृहातून बाहेर पडलेला एक तरुण आमच्याकडे आला होता. कंत्राटदाराकडे त्याला काम मिळाले होते, पण खोलीमालक अनामत मागत होता, ओळखीचा माणूस मागत होता. आधार कार्डावर पत्ता बालगृहाचा होता. रात्रपाळी संपली की तो दिवसा बागेत झोपायचा, आणि झोप पुरी होत नसल्यामुळे यंत्रावर हात जाण्याची भीती होती. आपल्या एका सभासदाने खोलीमालकाकडे जाऊन एवढेच सांगितले की, हा आमचा मुलगा आहे, याची जबाबदारी माझी. चौघांनी मिळून अनामत भरली. भाडेकरू म्हणून त्याची माहिती रीतसर पोलीस ठाण्यात दिली. आज तो कॉट बेसिसवर राहतो आणि अनामतीचे पैसे हप्त्याहप्त्याने त्याने फेडलेही आहेत.

म्हणून आजच्या सभेपुढे आम्ही ठराव मांडीत आहोत. १०९८ आणि १८१ हे क्रमांक सभागृहाच्या बाहेरच्या भिंतीवर रंगवावेत. १८ वर्षांवरील मुलामुलींसाठी अनामत निधी काढावा आणि तो परतफेडीच्या बोलीवर द्यावा. ओळख देण्यास तयार असलेल्या सभासदांची यादी करावी.

काही बांधव विचारतात, मुलाने चोरी केली तर? पैसे बुडवले तर? होईलही तसे. हमी आम्ही कोणाचीच देऊ शकत नाही. म्हणूनच ओळख एकाने न देता दोघांनी मिळून द्यावी आणि रक्कम थोडी ठेवावी, असे आम्ही सुचवतो. पण एकाने बुडवले म्हणून दार बंद केले, तर बडोद्याच्या त्या दोन मित्रांत आणि आपल्यात फरक काय राहिला? त्यांच्याकडेही कारणे होतीच.

ठरावावर प्रत्येकाने मनापासून विचार करून हात वर करावा, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम.