फुलपाखरांचा लांबचा प्रवास आणि आपले अंगण



आपण मंडळी नोकरी-शिक्षणानिमित्त अमेरिकेत व कॅनडात स्थायिक झालो. ज्या भूमीने आपल्याला आसरा दिला, तिथल्या एका मुक्या प्रवाशाविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत. हा प्रवासी म्हणजे मोनार्क फुलपाखरू.

दक्षिण कॅनडा आणि अमेरिकेच्या पूर्व भागातली ही फुलपाखरे शरद ऋतूत निघतात व सुमारे ४,००० किलोमीटरपर्यंत उडत मेक्सिकोतल्या मिचोआकान परिसरातील ओयामेल वृक्षांच्या डोंगराळ रानात हिवाळा काढतात. टोरांटोचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी पंखांना चिठ्ठ्या चिकटवून कित्येक वर्षे त्यांचा माग काढला. अखेर जानेवारी १९७५ मध्ये त्यांचे सहकारी केन ब्रुगर व कॅटालिना आग्वादो यांना ते रान सापडले.

विशेष असे की, जाणाऱ्या फुलपाखराने ते रान कधीच पाहिलेले नसते. उन्हाळ्यातली फुलपाखरे दोन ते सहा आठवडेच जगतात. दक्षिणेकडे जाणारी पिढी मात्र आठ-नऊ महिने जगते. वसंतात तीच उत्तरेकडे वळते, वाटेत अंडी घालते, आणि पुढचा प्रवास तिची मुले-नातवंडे पूर्ण करतात.

ही अंडी मिल्कवीड या एकाच गटातील झाडांवर घातली जातात. सुरवंट दुसरे काही खात नाहीत. मिल्कवीड हे आपल्या रुईच्याच कुळातले. तोच पांढरा चीक, तशीच बोंडे, आणि वाऱ्यावर उडणाऱ्या तशाच म्हाताऱ्या! त्यातले विष सुरवंटाच्या अंगात उतरते, म्हणून पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

आता आकडे ऐका. १९९६-९७ च्या हिवाळ्यात या फुलपाखरांनी मेक्सिकोत सुमारे १८ हेक्टर रान व्यापले होते. २०१३-१४ मध्ये ते अवघे ०.६७ हेक्टर उरले. २०२४-२५ मध्ये ते १.७९ हेक्टर होते. याची कारणे अनेक आहेत : तिकडची वृक्षतोड, बिघडलेले हवामान, आणि इकडे मका-सोयाबीनच्या शेतांतील तणनाशके. शेताच्या बांधावरचे मिल्कवीड तणाबरोबर नष्ट झाले. ऑन्टारिओ प्रांतात तर २०१४ पर्यंत हे झाड कायद्यानेच उपद्रवी तण मानले जात होते.

मग आपण काय करावे? शेते आपल्या हाती नाहीत. पण अंगण आहे. आपल्या भागातलेच मूळ जातीचे बी आणावे. पूर्वेकडे कॉमन मिल्कवीड चालते. ओलसर जागी स्वॅम्प मिल्कवीड, तर कोरड्या उन्हाच्या जागी बटरफ्लाय वीड लावावे. बियांना थंडी लागते. म्हणून ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात उघड्यावर पेरावे, नाहीतर ओल्या वाळूत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवावे आणि वसंतात लावावे. हिवाळ्यात झाड वरून वाळते, पण मूळ जिवंत असते; उपटू नये. रोप विकत घेताना कीटकनाशक मारलेले नाही ना, हे विचारून घ्यावे. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. पाने कुरतडलेली दिसली तर फवारणी करू नये; ती कुरतडण्यासाठीच तर झाड लावले!

एक सावधगिरीची सूचना. गावाकडे आपण ज्याला हळदीकुंकू म्हणतो, ते लाल-पिवळ्या फुलांचे झाड इथल्या रोपवाटिकांत ट्रॉपिकल मिल्कवीड या नावाने मिळते. ओळखीचे म्हणून ते घ्यावेसे वाटते. पण फ्लोरिडा-टेक्सासच्या उबदार हवेत ते हिवाळ्यातही हिरवे राहते. त्यावर फुलपाखरे रेंगाळतात आणि त्यांच्यात एका परजीवीचा रोग वाढतो. म्हणून तिथे ते टाळावे.

विद्यार्थी मित्रांनो, अंड्यातून तीन-चार दिवसांत सुरवंट निघतो, दोनएक आठवड्यांत कोष होतो आणि पुढे साधारण दहा-बारा दिवसांत फुलपाखरू बाहेर येते. एका सुट्टीत हे सारे डोळ्यांनी पाहता येते. वहीत तारखा टिपून ठेवा.

आपल्या अंगणातून उडालेले फुलपाखरू मेक्सिकोला पोहोचले की नाही, हे आपल्याला बहुधा कळणार नाही. तरीही या शरदात प्रत्येक घराने निदान चार रोपांपुरते बी पेरावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.