संगणकाच्या आतील कुंपण

(देगलूर येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



रजिस्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घरपट्टीची जाडजूड वही येते. मी ज्या रजिस्टरांविषयी बोलणार आहे ती प्रोसेसरच्या पोटात असतात, आणि माझ्या उदाहरणातील एकेका रजिस्टरात फक्त ३२ बिट, म्हणजे बत्तीस शून्य-एक मावतात. पालकांना वाटेल, याच्याशी आमचा काय संबंध? शिष्यवृत्ती ज्या खात्यात जमा होते त्या बँकेचे ॲप आणि मुलाने कुठून तरी उतरवून घेतलेला खेळ एकाच मोबाईलच्या एकाच मेमरीत शेजारी बसतात. खेळाने खात्यात डोकावू नये, याची व्यवस्था अशाच रजिस्टरांवर उभी असते.

उदाहरण आपल्या राज्यातले घेतो. पवईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. माधव देसाई यांच्या नेतृत्वाखाली ‘अजित’ हा प्रोसेसर तयार झाला व २०१९ साली लोकांसमोर आला. त्याची चिप मोहालीच्या कारखान्यात १८० नॅनोमीटर तंत्राने बनली. हे तंत्र जुने आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण आराखडा इथल्या माणसांचा आहे. ‘अजित’ स्पार्क आवृत्ती ८ ची नियमावली पाळतो. ती कोणालाही वाचायला मिळते, आणि मेमरीवरील पहाऱ्याचा एक नमुना तीत दिला आहे. तोच समजून घेऊ.

घर नंबर १०० देगलूरला आहे, मुखेडला आहे, बिलोलीलाही आहे. पोस्टमनला नुसता नंबर सांगून भागत नाही, गाव सांगावे लागते. संगणकातील प्रत्येक प्रोग्रामही आपापल्या गावचा नंबर सांगत असतो. हा त्याचा मानीव पत्ता. सध्या कोणते गाव चालू आहे, ते ‘कॉन्टेक्स्ट’ रजिस्टरात लिहिलेले असते. सर्व गावांची यादी मेमरीत कुठे ठेवली आहे, ते दुसऱ्या रजिस्टरात. मग ३२ बिटांच्या पत्त्याचे ८, ६, ६ आणि १२ असे तुकडे पाडून, एकामागून एक तीन तक्ते पाहून प्रोसेसर खरा पत्ता काढतो. विद्यार्थी मित्रांनो, इथे शाळेतले घातांकच कामाला येतात: २५६ गुणिले ६४ गुणिले ६४ इतकी पाने, आणि प्रत्येक पान ४०९६ बाइटांचे.

तक्त्यातील प्रत्येक पानाच्या नोंदीत तीन बिट परवानगीचे असतात. तिथे ६ किंवा ७ लिहिले असेल तर ते पान फक्त कर्नेलचे. कर्नेल म्हणजे संगणकाची सर्व व्यवस्था पाहणारा मुख्य प्रोग्राम. लष्करातला कर्नल नव्हे! ही रजिस्टरे बदलण्याचा आदेशही फक्त कर्नेललाच देता येतो. दुसऱ्या कोणी दिला, तर प्रोसेसर त्याला तिथेच अडवतो आणि कारभार कर्नेलच्या हाती देतो.

आता खरी अवघड जागा. यंत्र सुरू होते तेव्हा हा पहारा बंद असतो. सांगितलेला पत्ता हाच खरा पत्ता. कर्नेलने आधी तक्ते भरायचे, यादीचा पत्ता रजिस्टरात ठेवायचा, गावाचा क्रमांक लिहायचा, जुन्या उत्तरांचा साठा पुसायचा, आणि सर्वांत शेवटी नियंत्रण रजिस्टरातील एक बिट शून्याचा एक करायचा. त्या क्षणापासून पुढच्या आदेशाचा पत्तासुद्धा तक्त्यातून शोधला जातो. कर्नेल स्वतःचेच घर तक्त्यात नोंदवायला विसरला, तर पुढचा आदेश त्याला सापडत नाही. पडदा काळा, आणि चूक कुठे झाली ते सांगायलाही कोणी उरत नाही. आपल्या सभांमधून अल-ख्वारिझ्मीचे नाव अभिमानाने घेतले जाते. अल्गोरिदम हा शब्द त्याच्याच नावावरून आला. पण नाव घेणे सोपे. पायऱ्यांचा क्रम सांभाळणे हे त्याचे काम होते, आणि ते कंटाळवाणे असते.

क्रमाचा आणखी एक मासला. पहाऱ्याने कोणाला अडवले की एका रजिस्टरात कारण लिहिले जाते, दुसऱ्यात पत्ता. कारणाचे रजिस्टर वाचताच पुसले जाते, म्हणून लिनक्सचा कर्नेल आधी पत्ता वाचतो, मग कारण. पंचनामा करणाराच जाणे!

बिट बरोबर लिहूनही कुंपण फुटू शकते. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ नावाचा दोष जाहीर झाला. इंटेलचे अनेक प्रोसेसर परवानगीचा निकाल लागण्याआधीच, घाईने, निषिद्ध पान वाचून ठेवत. त्याच्या खुणांवरून साधा प्रोग्राम कर्नेलचे गुपित ओळखू शके. उपाय म्हणून कर्नेलचे तक्ते जवळजवळ वेगळेच ठेवावे लागले, आणि कर्नेलमध्ये जाता-येता दर वेळी सीआर-३ हे रजिस्टर बदलावे लागू लागले. यंत्रे काहीशी मंदावली. ती किंमत मला रास्त वाटते.

हे करून पाहायला ‘अजित’ विकत घ्यायला नको. क्यूईएमयू हा मोफत प्रोग्राम साध्या संगणकावर स्पार्कचे नकली यंत्र उभे करतो. त्यात तो शेवटचा बिट मुद्दाम आधी लिहून पाहा आणि यंत्र कसे कोसळते ते बघा. पालकांना एवढेच सांगतो: मुला-मुलींच्या त्या नकली यंत्राचा पडदा दहा वेळा काळा झाला, तरी संगणक बिघडवला म्हणून रागावू नका. आत खरे काहीच मोडलेले नसते.