घाशीरामची भिंत आणि गळ्यातलं मडकं

(देवरी येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



'घाशीराम कोतवाल'वर बोल म्हणालात. बोलतो. पण मी समीक्षक नाही. मॅट्रिक झालेला गोदी कामगार आहे. माल कुणाचा नि हमाली कुणाची, एवढं मला कळतं.

१६ डिसेंबर १९७२. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचं हे नाटक उभं राहिलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नाच कृष्णदेव मुळगुंद, नाना फडणवीस मोहन आगाशे. सेट नाहीच. माणसांचीच भिंत. बामनांची रांग गाते, नाचते, पाठ फिरवते की झाली भिंत. कीर्तन, दशावतार, खेळे, तमाशा, सगळं एका दमात.

गोष्ट साधी. पुण्यात अपमान झालेला परदेशी बामन घाशीराम सूड घ्यायला निघतो. पोटची पोरगी नानाला देतो, बदल्यात कोतवाली घेतो. पोरगी मरते. शहर उलटतं तेव्हा नाना त्यालाच दगडांखाली देतो. सत्ता गुंड पोसते, काम झालं की फेकते. हे आजही खरं आहे.

१९ प्रयोगांनंतर संस्थेनंच नाटक बंद केलं. नानाची बदनामी, बामनांची बदनामी, म्हणे. पोरं बाहेर पडली, १९७३ ला थिएटर अकॅडमी काढली, १९७४ ला नाटक परत उभं केलं. १९८० ला युरोपला निघाले तेव्हा पुन्हा बोंब. तरी गेले. त्या पोरांना माझा सलाम.

पण हिशेब मांडा. नाना मेला १८०० साली. त्याच्या अब्रूसाठी माणसं उठली. आणि त्याच १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित बायांना नागवं केलं, तेव्हा ही अब्रूवाली माणसं कुठं होती? त्याच वर्षी पँथर का जन्मली, याचं उत्तर इथं आहे.

नाटकात रात्री परवान्याशिवाय रस्त्यावर यायला बंदी. प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. अरे, त्याच पेशवाईच्या पुण्यात आमच्या माणसाच्या कमरेला झाडू नि गळ्यात मडकं होतं. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहून ठेवलंय. रात्रीचं सोडा, भर दिवसा! घाशीराम बामन होता म्हणून निदान भिंतीत घुसू शकला. मडकंवाला या नाटकात नाही. भिंतीबाहेर आहे. ढोलकी मात्र स्टेजवर आहे, आणि ती महारामांगांनी, कोल्हाट्यांनी तमाशात जिवंत ठेवली.

तोंड दाबणं १९७२ चं नाही. जोतीबांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं. शेतकरी नवराबायकोला लुबाडणारा भट त्यात उघडा केला. दक्षिणा प्राईझ कमिटीनं नाटक नाकारलं. छापून यायला १९७९ उजाडलं. पण आमची माणसं थांबली नाहीत. भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला, तमाशाच्या अंगानंच बाबासाहेबांची चळवळ वस्तीवस्तीत गायली.

आता तुमच्याकडे येतो. ही झाडीपट्टी. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्र रात्र नाटक चालतं, दंडार होते. माल तुमच्या घरात आहे. पुण्याची वाट बघू नका. रांग तुम्ही उभी करा. गळ्यात मडकं अडकवा, ढोलकी वाजवा, आणि शेवटच्या प्रवेशात ते मडकं स्टेजवर फोडा. बंद पाडायला कोण येतो ते बघू.

जयभीम.