तिळगूळ सगळ्यांना, मान सगळ्यांना
(महिला मेळाव्यातील भाषण)

बायांनो, सख्यांनो!

संक्रांत झाली. आता रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालेल, आपल्या गटांतही होईल. त्याविषयीच आज बोलायचं आहे.

आपल्या गटात कोण कोण आहे, एकदा बघा. मराठा, धनगर, बौद्ध, मुसलमान, सगळ्या आहेत. कुणाचा नवरा वारलेला आहे. दर आठवड्याला एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतो. बचत सारखी, व्याज सारखं. मग हळदीकुंकवाच्या दिवशीच दोन-चार जणी घरी का राहतात? "काम होतं" म्हणतात. काम नसतं हो! आपल्याला वगळून ताट पुढं गेलं तर, ही धास्ती असते. आणि जी सणाला मागं राहते, ती कर्जाची मागणी करायलाही मागंच राहते.

कुणी म्हणतं, मग सणच नको, नुसता मेळावा घ्या. मला ते पटत नाही. संक्रांतीला संक्रांतच म्हणावं, ईदला ईद, नाताळला नाताळ. थंडीत तीळ-गूळ वाटायची ही चाल आपल्या आज्यापणज्यांनी जपली. ती मोडायची नाही, तिचं दार मोठं करायचं.

हे होऊ शकतं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात कुरुंदवाड आहे. तिथं मशिदीत गणपती बसतो. म्हणून कुणाची नमाज सुटली नाही, कुणाची आरती बुडाली नाही. त्याच तालुक्यात हेरवाड आहे. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, ही प्रथा बंद करण्याचा ठराव तिथल्या ग्रामपंचायतीनं २०२२ साली केला. पुढं शासनानंही इतर गावांना तसं करायला सांगितलं. चांगलं ते जपलं, दुखवणारं ते सोडलं.

आपल्या गटात एवढं करूया:

• बोलावणं प्रत्येकीला, घरी जाऊन. तिळगूळ आणि वाण सगळ्यांना सारखंच.

• कुंकू लावण्याआधी विचारा, "लावू का, ताई?" ती हो म्हणाली तर लावा, मग ती विधवा असो की कुणीही. नको म्हणाली तर आग्रह नको, रुसवाही नको.

• सणाचा खर्च बचतीच्या पैशातून नको. ज्यांना द्यायची त्यांनी वेगळी वर्गणी द्यावी.

• वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांचे सण वहीत लिहा. ईद चंद्रावर ठरते, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. त्या दिवशी किंवा १४ एप्रिलला बैठक, हप्ता ठेवू नका.

• शेजारणीच्या सणाला तिच्या दारात जा. "ईद मुबारक" म्हटल्यानं आपला देव रागावत नाही. उपास असेल तर तसं सांगा, शिरखुर्मा ती डब्यात देईल.

येत्या बैठकीत हे विषय घ्या आणि ठराव लिहा. ज्या घरी राहिल्या, त्यांना हाताला धरून आणा.

तिळगूळ घ्या, गोड बोला. जिच्याशी कधी बोलला नाहीत, तिच्याशी आधी बोला.