शिंक, सर्दी आणि घरची हवा
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



कोणी शिंकले की बाहेर पडणारा मनुष्य उंबऱ्याशी थबकतो. परंतु शिंक कशाने आली, ही विचारपूस आपण क्वचितच करतो. वास्तविक तीच करावयास हवी. सांगलीच्या वखारीत हळदीची पोती हलू लागली की धुळीने नाक चुरचुरते. साताऱ्याच्या वाटेवर गाजर गवत फुलले की त्याच्या परागाने काहींना शिंकांवर शिंका येतात. ह्या दुसऱ्या प्रकारात शरीर निरुपद्रवी कणालाच शत्रू समजते. नाकाच्या अस्तरातील पेशी हिस्टामीन सोडतात आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागते. अशा विपरीत प्रतिक्रियेस क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ॲलर्जी हे नाव दिले. अशा मनुष्याच्या शेजारी बसल्याने कोणास काहीही लागत नाही.

पडशाची किंवा इन्फ्ल्युएंझाची शिंक मात्र निराळी. तिचे मोठे तुषार जवळच पडतात, बारीक कण हवेत राहतात. क्षयाचे जंतू तर शिंकेपेक्षा खोकल्यातून अधिक पसरतात आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगतात. आणि आपण काय करतो? घरात कोणी खोकू लागले की वारा लागेल म्हणून प्रथम खिडकी लावून घेतो!

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मोकळ्या हवेचे महत्त्व जाणून उभारलेली आरोग्यधामे होती. पाचगणीस डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर सुरू केले. मिरजेजवळ वानलेसवाडीसही क्षयरोग्यांची सोय झाली. तेव्हा क्षयावर गुणकारी औषध नव्हते. हवा, अन्न आणि विश्रांती एवढाच उपचार. आणि रोगी घरापासून दूर राहणार, हे गृहीतच होते.

पुढे औषधे आली, आणि १९५९ साली मद्रासच्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी राहून नियमित औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच सुधारले, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे अधिक लागण झाली नाही. आमच्या मते ही वार्ता प्रत्येक स्वयंपाकघरापर्यंत पोहोचावयास हवी होती. ती पोहोचली नाही, म्हणूनच आजही सोयरीक जुळविताना क्षय लपविला जातो. लपविलेल्या रोगाचे औषधही लपूनछपून, अर्धेमुर्धे घेतले जाते, आणि त्यातूनच औषधाला न जुमानणारे जंतू निपजतात. उलट, परागाने शिंकणाऱ्या निरोगी मुलीला "छातीची नाजूक" ठरवून नाकारणारेही आपल्यांतच आहेत.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला, वजन उतरू लागले, सायंकाळी ताप येऊ लागला, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी रुग्णालयांत तपासणी व औषधे मोफत मिळतात, आणि साध्या क्षयाचा उपचार साधारणतः सहा महिन्यांचा असतो. योग्य औषध सुरू झाल्यावर लागण देण्याची शक्ती लवकरच ओसरते, मात्र औषध मध्येच सोडावयाचे नाही. तोवर खोकताना तोंडावर रुमाल असावा, खोलीची खिडकी उघडी असावी. रोग्याचे ताट, वाटी मात्र वेगळी काढण्याचे कारण नाही, कारण क्षय भांड्यांतून पसरत नाही.