शिध्याचा पुरावा



रुग्णाच्या घरात चूल नीट पेटत नसेल तर आपल्या औषधाची ताकद अर्धी होते, हे या सभागृहात कुणाला पटवून द्यायची गरज नाही. अडचण त्यापुढची आहे. शिधा द्यायचा, खात्यात पैसे जमा करायचे, प्रवासखर्च द्यायचा, की रुग्णासोबत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणारा कार्यकर्ता नेमायचा? पैसा मोजका असल्याने एक योजना घेतली की दुसरी राहते. ही निवड आपण बहुधा प्रकल्पाला भेट देऊन, लाभार्थ्यांशी बोलून आणि योजनेआधीचे व नंतरचे आकडे शेजारी मांडून करतो. माझे आज एवढेच म्हणणे आहे की आधी-नंतरची ही जोडी पुरावा म्हणून अपुरी आहे. ज्यांना मदत मिळाली नाही अशा, पण बाकी सर्व बाबतींत तशाच माणसांचे काय झाले, हे कळल्याशिवाय मदतीचे मोल ठरत नाही.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन नावाचे गरीब शहर आहे. तिथे वारंवार रुग्णालयात दाखल होणाऱ्या माणसांसाठी एक उपक्रम सुरू झाला. परिचारिका आणि समाजसेवक रुग्णाच्या घरी जात, औषधे लावून देत, डॉक्टरांच्या भेटी ठरवत, सरकारी मदतीचे अर्ज भरून घेत. या कामाचा देशभर गौरव झाला आणि ठिकठिकाणी त्याचे अनुकरण झाले. कार्यकर्त्यांच्या तळमळीत काडीचीही कसर नव्हती. मग उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने स्वतःहून कठोर परीक्षेला मान्यता दिली. 800 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली आणि निष्कर्ष 2020 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत पुन्हा दाखल झालेल्यांचे प्रमाण मदत मिळालेल्या गटात 62.3 टक्के होते आणि न मिळालेल्या गटात 61.7 टक्के. नुसती मदत मिळालेल्यांची आधी-नंतर तुलना केली असती तर दाखल होणे 38 टक्केबिंदूंनी घटल्याचे दिसले असते. ही घट खोटी नव्हती, फक्त ती दोन्ही गटांत सारखीच झाली होती. आजार सर्वांत बळावलेला असताना माणूस निवडला, तर पुढे त्याची स्थिती थोडी सावरण्याचीच शक्यता जास्त असते. चढलेला ताप कधीतरी उतरतोच, आणि त्याचे श्रेय जवळ बसलेल्याला मिळते. ही सोबत निरुपयोगी होती असे मी म्हणत नाही. माणसाला मिळालेला दिलासा पुन्हा दाखल होण्याच्या आकड्यात मावत नाही. पण रुग्णालयाचा खर्च वाचेल या आश्वासनावर इतरांनी जो पैसा लावला, त्याला आधार नव्हता.

आता झारखंडकडे वळू. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने टीबीच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी शिध्याचा, दोन गट करून, अभ्यास केला. रुग्णाला महिन्याला तांदूळ, सत्तू, दूध पावडर आणि तेल मिळून सुमारे दहा किलोची पिशवी मिळे. ती दोन्ही गटांतल्या सर्व रुग्णांना मिळाली. फरक घरच्या माणसांपुरता होता. एका गटात प्रत्येकाला महिना पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ मिळाली, दुसऱ्या गटात नाही. शिधा मिळालेल्या 5,621 जणांपैकी 96 जणांना पुढे टीबी झाला, न मिळालेल्या 4,724 जणांपैकी 122 जणांना. सगळा हिशेब लावल्यावर टीबीचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी भरले. आता दुसरा गट नव्हताच अशी कल्पना करा. हाती फक्त 96 हा आकडा उरला असता आणि एखाद्या लेखापरीक्षकाने रास्तपणे विचारले असते, डाळ-तांदूळ देऊनही इतके लोक आजारी कसे पडले? तुलनेमुळे कॅम्डेनमध्ये फुगलेले श्रेय उतरले, तर झारखंडमध्ये एक चांगली योजना बिनबुडाच्या आरोपातून वाचली. पुराव्याचा आग्रह म्हणजे गरिबांच्या योजनांना कात्री लावण्याची सबब, असे ज्यांना वाटते त्यांनी हे दुसरे उदाहरण लक्षात घ्यावे.

यावर एक आक्षेप मनापासून घेतला जातो, आणि तो मला हलका वाटत नाही. भुकेल्या माणसाला तुलनेसाठी बाजूला ठेवणे कुठल्या नीतीत बसते? अन्न हा हक्क आहे आणि हक्काला पुरावा लागत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. रेशनवरचे धान्य कुणाच्या वाट्याचे काढून अभ्यास करू नये. पण आरोग्य खाते त्यावर जी जादा मदत देते, ती आजही सगळ्यांना एकदम मिळत नाही. कुठल्या तालुक्याला आधी मिळायची, हे वजनावर आणि ओळखीवर ठरते. त्याऐवजी क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला, तर कुणावरही जादा अन्याय होत नाही आणि मागून येणारे तालुके आपोआप तुलनेचा गट होतात.

दुसरा आक्षेप असा की एका ठिकाणचा पुरावा दुसरीकडे चालत नाही. तो अर्धा खरा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली आणि शेजारच्या 47 गावांशी तुलना केली. तिथे नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. पण गडचिरोलीत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला गावातली आरोग्यदूतच इंजेक्शन देत असे, आणि तो भाग सर्वसाधारणपणे मागेच राहिला. म्हणजे पुरावा एका गोष्टीचा होता आणि पोहोचली दुसरीच. टीबीतही हेच जपायला हवे. निक्षय पोषण योजनेत टीबी रुग्णाच्या खात्यात जमा होणारे मासिक 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले, त्याचे स्वागतच आहे. मात्र झारखंडचा पुरावा घरात पोहोचलेल्या डाळ-तांदळाचा आहे, आणि तोही घरच्यांच्या ताटातल्या. रुग्णाच्या खात्यात जमा झालेल्या पैशांना तो जसाच्या तसा लागू होत नाही. रुग्णांच्या बाबतीत त्याच अभ्यासात दिसले की पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्के वाढलेल्यांचा मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी होता. मात्र शिधा सर्वच रुग्णांना मिळाल्यामुळे हे फक्त नाते आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरीही धोक्याचा इशारा म्हणून त्याचा उपयोग उद्यापासून करता येईल. उपचारपत्रकावर वजनाचा रकाना आहेच. त्यात दुसऱ्या महिन्याचे वजन काट्यावर प्रत्यक्ष पाहून भरायचे, आणि त्याच पत्रकाला घरातल्या प्रत्येक माणसासाठी, त्याला पुढे टीबी झाला का हे नोंदवायला, एकेक ओळ जोडायची.