पोलिसांचा वेग आणि वाटसरूचा जीव

रस्त्यात दुरून भोंगा ऐकू आला की आपण सारे निमूटपणे बाजूला होतो. कोठे आग लागली असेल, कोणी अत्यवस्थ असेल, कोठे दरोडा पडला असेल, असे मनात म्हणून आपण वाट देतो आणि गाडी निघून गेली की पुन्हा आपल्या कामाला लागतो. समाजाने राखलेली ही चांगली रीत आहे. परंतु ज्या गाडीला आपण वाट दिली ती किती वेगाने जावी, तो वेग कोणत्या कामासाठी असावा, आणि त्या वेगापायी एखाद्या निरपराध माणसाचा जीव गेला तर त्याचा जाब कोणी द्यावा, हे प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाहीत. आज मी पोलिसांच्या गाड्यांपुरतेच बोलणार आहे. कारण त्यांच्या बाबतीत हा प्रश्न दुहेरी आहे. पोलिसांची गाडी कोणाच्या तरी मदतीला धावते, तशीच ती कोणाच्या तरी पाठीवरही धावते.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाची चर्चा न्यायालयांत, पार्लमेंटात आणि वृत्तपत्रांत पुष्कळ वर्षे चालली. तेथील दोन घटना प्रथम सांगतो. 2003 सालच्या डिसेंबर महिन्यात एका पोलीस शिपायाने श्रॉपशर परगण्यातील हमरस्त्यावर आपली गाडी ताशी 159 मैल, म्हणजे सुमारे 256 किलोमीटर वेगाने हाकली. त्याच फेरीत, जेथे ताशी 30 मैलांची मर्यादा होती अशा भागातून तो 84 मैल वेगाने गेला. तो कोणाचा पाठलाग करीत नव्हता, की कोणाच्या हाकेला धावून जात नव्हता. गाडी नवी होती आणि तिच्यावर आपला हात बसवावा, एवढाच त्याचा हेतू होता. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

दुसरी घटना 2008 सालच्या मे महिन्यातील, न्यूकॅसल शहरातील आहे. एका मोटारीचा क्रमांक यंत्राने संशयित म्हणून दाखवला. तिला गाठण्यासाठी पोलिसांची गाडी 30 मैलांची मर्यादा असलेल्या वस्तीच्या रस्त्यावरून निघाली आणि तिचा वेग ताशी 94 मैलांपर्यंत गेला. भोंगा वाजत नव्हता, दिवे लुकलुकत नव्हते. रस्ता ओलांडणारी सोळा वर्षांची एक मुलगी त्या गाडीखाली सापडून मरण पावली. 2009 साली त्या पोलिसास तीन वर्षांची शिक्षा झाली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1984 च्या ब्रिटिश कायद्याने पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका यांच्या गाड्यांना वेगमर्यादेतून सूट दिली आहे. मात्र मर्यादा पाळल्याने हाती घेतलेल्या कामात अडथळा येत असेल तरच. शिवाय ही सूट केवळ मर्यादेपुरती आहे. धोकादायक रीतीने गाडी हाकण्याची मुभा तिच्यात नाही. मग धोकादायक कशास म्हणावे? येथेच खरा वाद पेटला. 159 मैल वेगाच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने 2005 साली त्या शिपायास निर्दोष सोडले. वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरवला. 2006 साली पुन्हा सुनावणी होऊन तो दोषी ठरला, परंतु शिक्षा काहीच झाली नाही. पुढे 2007 साली, चालकाचे विशेष कौशल्य विचारात घेता येईल, असा अभिप्राय वरिष्ठ न्यायालयाने दिला. तर 2009 साली एका निराळ्या खटल्यात अपील न्यायालयाने, कौशल्याचा विचार करावयाचा नाही, असे ठरवले. अखेर 2022 च्या कायद्याने पोलीस चालकाची तुलना सामान्य चालकाशी न करता, तसेच शिक्षण घेतलेल्या काळजीवंत पोलीस चालकाशी करावी, असे मानले. सतरा वर्षांत मोजमापाची पट्टी इतक्या वेळा बदलली, यावरून प्रश्न किती बिकट आहे हे ध्यानात येईल.

पोलिसांच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो पोकळ नव्हे. लंडनच्या पोलिसांनी हेंडन येथे आपली वाहनचालनाची शाळा 1930 नंतरच्या दशकातच काढली. तेथून आणि तशाच इतर शाळांतून शिकून निघालेला चालक तुमच्याआमच्यापेक्षा अनेक पटींनी तयार असतो. मर्यादा ओलांडली म्हणून त्याला उद्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे असेल, तर कोणता पोलीस संकटात सापडलेल्या माणसाकडे धावेल? हा प्रश्न रास्त आहे.

तथापि कौशल्याला एक सीमा आहे, आणि ती माणसाने घातलेली नसून सृष्टीच्या नियमांनी घातलेली आहे. ब्रिटनच्या वाहनचालकांना जी पुस्तिका अभ्यासावी लागते तिच्यात दिल्याप्रमाणे ताशी 30 मैल वेगाने जाणारी मोटार, धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत 23 मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर दुप्पट न होता चौपट होते. या हिशेबाने ताशी 84 मैल वेगाची मोटार थांबण्यास सुमारे 135 मीटर लागतात. कुशल चालकाची नजर तीक्ष्ण असेल, त्याचा पाय ब्रेकवर क्षणभर अगोदर पडेल. पण टायर आणि रस्ता यांचे घर्षण त्याची पदवी पाहून वाढत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. शिक्षण चालकाने घेतलेले असते. रस्ता ओलांडणाऱ्याने घेतलेले नसते. तो आपल्या रोजच्या अनुभवावरून अंदाज बांधतो: मोटार एवढ्या लांब आहे, म्हणजे आपण पलीकडे पोहोचू. हा अंदाज 30 मैलांच्या वेगावर बेतलेला असतो. 84 किंवा 94 मैलांनी येणाऱ्या गाडीपुढे तो फसतो, आणि त्यात त्या पादचाऱ्याचा काही दोष नसतो. एक गाडी भोंगा वाजवीत गेली की ‘गेली’ असे समजून लोक पाऊल पुढे टाकतात, आणि मागून येणारी दुसरी गाडी त्यांना गाठते. रस्त्यावरची सुरक्षितता दोन्ही पक्षांच्या अपेक्षा जुळण्यावर अवलंबून असते. त्यांतल्या एकानेच नियम बदलला, तर त्याचे कौशल्य दुसऱ्याला पुरे पडत नाही.

पाठलागात तर गोष्ट आणखी बिघडते. तेथे दोन गाड्या धावत असतात, आणि पुढच्या गाडीचा चालक शिकलेला नसतो, घाबरलेला असतो, कधी दारू प्यालेलाही असतो. अमेरिकेत 1979 ते 2013 या काळात पोलिसांच्या पाठलागांत अकरा हजारांहून अधिक माणसे मरण पावली, आणि त्यांतील पाच हजारांहून अधिक माणसे वाटसरू किंवा गाडीत बसलेले प्रवासी होती, असे एका मोठ्या दैनिकाने सरकारी नोंदी तपासून दाखवले. ज्यांनी पळण्याचे ठरवले नव्हते, त्यांनीच त्या पळण्याची किंमत दिली.

मग नियमाने काही साधते काय? याचेही उत्तर अमेरिकेतच मिळते. मायामी परिसरातील पोलिसांनी 1992 साली असा नियम केला की, हिंसक आणि गंभीर गुन्ह्याचा संशय असेल तरच पाठलाग करावा. पुढील वर्षी पाठलागांची संख्या सुमारे 82 टक्क्यांनी घटली. ओमाहा शहराने 1993 साली नेमके उलट केले, नियम सैल केले. तेथे पाठलाग सहा पटींहून अधिक वाढले. म्हणजे पाठलाग ही आकाशातून कोसळणारी आपत्ती नाही. ती बव्हंशी खात्याने घेतलेल्या निर्णयाची निष्पत्ती आहे.

येथे कोणी विचारील: पाठलाग सोडला तर गुन्हेगार शिरजोर होणार नाहीत काय? 2001 साली जॉर्जिया संस्थानात 55 मैलांच्या रस्त्यावर 73 मैलांनी जाणाऱ्या एका तरुणाने पोलिसांना पाहून गाडी थांबवली नाही. पाठलाग झाला, पोलिसाने मागून धडक दिली आणि तो तरुण जन्माचा पांगळा झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली आठ विरुद्ध एक अशा मताने पोलिसाचे कृत्य योग्य ठरवले. बेफाम गाडी हाकून लोकांचे जीव धोक्यात घालणाऱ्याला, तेवढ्याच कारणाने सुटका मिळते असा नियम आम्ही घालून देणार नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ होता. न्यूझीलंडचा अनुभवही विसरता येत नाही. तेथे 2020 च्या अखेरीस पाठलागांवर कडक बंधने आली. तेव्हा पोलिसांनी थांबण्याची खूण करूनही न थांबणाऱ्यांच्या घटना पुष्कळ वाढल्या, आणि 2023 साली धोरण पुन्हा बदलावे लागले.

या दोन्ही अनुभवांतून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. ‘नेहमी पाठलाग करा’ हाही नियम नव्हे आणि ‘कधीच करू नका’ हाही नव्हे. तराजूच्या एका पारड्यात पळणाऱ्याचा गुन्हा ठेवावा आणि दुसऱ्यात त्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे जीव. खुनी किंवा अपहरण करणारा पळत असेल तर पहिले पारडे जड होईल. दिवा न लावता जाणारा, परवाना नसलेला किंवा वेगमर्यादा थोडी ओलांडलेला मनुष्य पळत असेल, तर त्याचा क्रमांक टिपून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दारी जावे.

आणि हा तराजू कोणी धरावा? ज्याच्या हाती सुकाणू आहे त्याने नव्हे. पाठलागात माणसाचे रक्त तापते. पुढची गाडी तेवढी दिसते, बाजूची गल्ली दिसत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये पाठलागाची सूचना तात्काळ बिनतारी यंत्राने नियंत्रण कक्षाला द्यावी लागते, आणि पाठलाग चालू ठेवावा की सोडावा, हे तेथे शांतपणे बसलेला अधिकारी सांगू शकतो. मला ही व्यवस्था सर्वांत शहाणपणाची वाटते. सोडून देण्याचा हुकूम वरून आला म्हणजे चालकाला आपण हरलो असेही वाटत नाही.

हे सारे परदेशचे झाले. आपल्याकडचे हमरस्ते आता पूर्वीसारखे राहिले नाहीत आणि गाड्याही राहिल्या नाहीत. 112 क्रमांक फिरवला की पोलिसांची गाडी किती मिनिटांत पोहोचली यावर तिची योग्यता मोजली जाते. परंतु ती गाडी जाते कोठून? इंदूरच्या राजवाड्याभोवतीच्या गर्दीतून, बडोद्याच्या मांडवीजवळून, बेळगावच्या खडेबाजारातून, जेथे पदपथ असून नसल्यासारखा आणि मुले, सायकली, हातगाड्या एकाच रस्त्यावर. थोडा हिशेब करून पाहा. दहा किलोमीटरचे अंतर ताशी 40 किलोमीटर वेगाने पंधरा मिनिटांत तुटते, 60 च्या वेगाने दहा मिनिटांत, 80 च्या वेगाने साडेसात मिनिटांत, आणि 100 च्या वेगाने सहा मिनिटांत. प्रत्येक वाढीत वाचणारा वेळ कमी कमी होत जातो आणि धोका मात्र वाढत जातो. शेवटच्या वीस किलोमीटरांनी जेमतेम दीड मिनिट वाचते. कोणाच्या गळ्याशी सुरी असेल तर ते दीड मिनिट मोलाचे खरे. पण प्रत्येक फेरी तशी नसते.

2022 साली भारतात रस्त्यावरच्या अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. हा आकडा सर्व तऱ्हेच्या वाहनांचा मिळून आहे. पण त्यांतील दहांपैकी सात मृत्यूंना अतिवेगच कारण ठरला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्या खात्याने हा वेग आवरावयाचा, त्याच्या गाड्यांकडे लोक उदाहरण म्हणून पाहतात. आपल्या विधिमंडळाला याची जाणीव आहे, असे म्हणता येईल. 2019 साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने रुग्णवाहिकेला किंवा बंबाला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली. आणि त्याच दुरुस्तीने असेही सांगितले की, कायद्याची अंमलबजावणी ज्यांच्याकडे आहे त्यांनीच तो मोडला, तर त्यांना त्या गुन्ह्याची दुप्पट शिक्षा व्हावी. पहिले कलम पुष्कळांना ठाऊक असते. दुसरे ठाऊक असलेले थोडे.

श्रोतेहो, पोलिसांना नावे ठेवण्यासाठी मी हे बोललो नाही. वेगाने जाणाऱ्या गाडीत पोलीसही बसलेला असतो, आणि त्यालाही घर असते. त्याला वेगाची मुभा हवी, पण ती कामासाठी असावी. गाडीवर निळे-तांबडे दिवे बसवले म्हणून आपोआप मिळणारी नसावी. त्याला चालनाचे रीतसर शिक्षण द्यावे, कोणत्या गुन्ह्यासाठी पाठलाग करावयाचा हे लेखी ठरवून द्यावे, तो थांबवण्याचा अधिकार नियंत्रण कक्षात ठेवावा, आणि प्रत्येक अपघाताची चौकशी त्याच्या वरिष्ठांखेरीज दुसऱ्या कोणी करावी. या चार गोष्टी आपल्या शहरात आहेत काय, हे नागरिकांनी आपल्या प्रतिनिधींना आणि पोलीस अधिकाऱ्यांना विचारले पाहिजे. भोंगा ऐकून आपण यापुढेही बाजूला होऊ, आणि व्हावेच. त्या मोबदल्यात, गाडी हाकणाऱ्याने बाजूला उभ्या असलेल्या आपल्या मुलाबाळांचा विचार करावा, एवढी अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे.